६ मिमीची पलटण आणि मराठवाड्यातला उन्हाळा

टेबलावरच्या युद्धखेळासाठी ६ मिमी मापाच्या चिमुकल्या शिपायांचं अंतराळ सैन्य जमवताय? मग आधी डबा बघा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ अंशांवर जातो, उन्हातल्या गाडीत तर कितीतरी जास्त. थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि रणगाड्यांच्या बारीक नळ्या वाकतात. धातूच्या शिपायांना ती भीती नाही.

तळाला चुंबकी शीट चिकटवून सगळे पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात उभे करा. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीलच्या डब्यांना चुंबक धरतच नाही, आधी लावून पाहा. डबा आतल्या, थंड भिंतीच्या कपाटात ठेवा.

प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मात्र भल्या पहाटेच, अगदी पातळ मारा. दुपारी तो हवेतच वाळतो, खरखरीत बसतो आणि एवढ्याशा मूर्तीवरची सगळी नक्षी बुजते.