एलसी-एमएससाठी मोबाइल फेजमधील अ‍ॅडिटिव्ह कसे निवडावे

लिक्विड क्रोमॅटोग्राफीला (एलसी) मास स्पेक्ट्रोमीटर (एमएस) जोडला की मोबाइल फेजमध्ये, म्हणजे नमुना कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) वाहून नेणाऱ्या द्रावणात, काय मिसळता येईल यावर कडक मर्यादा येते, कारण यूव्ही डिटेक्टरवर उत्तम चालणारा फॉस्फेट बफर आयन सोर्समध्ये (जिथे रेणूंचे आयन बनतात) उडून न जाता क्षाराच्या थराच्या रूपाने साचतो. म्हणून बाष्पनशील द्रव्येच घ्यावीत: फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, त्यांचे अमोनियम क्षार, अमोनिया, अमोनियम बायकार्बोनेट. बहुतेक कामांना एवढी पुरतात.

त्यानंतर मोजायच्या रेणूचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू आयन रूपात असतात तो) पाहावा आणि पीएच त्यापासून शक्यतो दोन एककांनी दूर ठेवावा. जवळ ठेवल्यास पीएचमधील किंचित फरकानेही रिटेन्शन टाइम (रेणूला कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) सरकतो. प्रोप्रानोलॉलसारख्या आम्लारीसाठी ०.१ टक्का फॉर्मिक अ‍ॅसिड (पीएच सुमारे २.७) आणि पॉझिटिव्ह मोड (धन आयन मोजणे) ही चांगली सुरुवात आहे. पीकला (आलेखातील शिखराला) शेपूट येत असेल, तर ५ ते १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट घालून पाहावे.

खरी ओढाताण आयबुप्रोफेनसारख्या आम्लाच्या बाबतीत होते. आम्लयुक्त मोबाइल फेजमध्ये ते कॉलमवर चांगले धरले जाते, पण ते मोजायचे असते निगेटिव्ह मोडमध्ये (ऋण आयन मोजून), जिथे फॉर्मिक अ‍ॅसिडमुळे सिग्नल बहुधा घटतो. अशा वेळी ५ मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेट वापरून थोडे कमी रिटेन्शन पत्करणे मला अधिक योग्य वाटते. मात्र अमोनियम अ‍ॅसिटेट पीएच ७ च्या आसपास जवळजवळ बफर म्हणून काम करत नाही. त्याची बफरक्षमता ३.८ ते ५.८ आणि पुन्हा ८.२ ते १०.२ या पट्ट्यांतच असते, आणि यांतला वरचा पट्टा वापरण्यापूर्वी कॉलम तो पीएच सोसतो का, हे तपासलेच पाहिजे.

ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने पेप्टाइडचे पीक देखणे येतात, परंतु ते आयनांशी जोडी जमवून सिग्नल दाबते आणि उपकरणात रेंगाळून पुढच्या निगेटिव्ह मोडच्या कामातही त्रास देते, तेव्हा ते अगदी नाइलाज असेल तरच घ्यावे.

द्रावण करताना एलसी-एमएस दर्जाचेच सॉल्व्हंट आणि क्षार वापरावेत. सेंद्रिय सॉल्व्हंट मिसळण्यापूर्वी, जलीय भागाचा थोडा नमुना वेगळा काढून त्याचा पीएच मोजावा. इलेक्ट्रोड थेट बाटलीत बुडवल्यास त्यातील पोटॅशियम क्लोराइड मोबाइल फेजमध्ये उतरते. ग्रेडियंटच्या (सॉल्व्हंटचे प्रमाण हळूहळू बदलत नेण्याच्या) शेवटी अ‍ॅसिटोनायट्राइल ९० टक्क्यांच्या वर जाणार असेल, तर अमोनियम क्षाराचे प्रमाण कमी ठेवावे, अन्यथा तो पंपातच अवक्षेपित होऊ शकतो.