गोठ्यातली कबुतरं कशी घालवावीत

सकाळी गव्हाणीत सरकी-भरडा टाकला की गाईची मान वळायच्या आत कैचीवरची, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्यावरची, कबुतरं खाली उतरलेली असतात. एक कबुतर दिवसाला साधारण 30 ग्रॅम दाणा खातं. 50 कबुतरं धरली तर महिन्याला 45 किलो, म्हणजे जवळजवळ एक पोतं पेंड. खाल्लं तेवढं एक वेळ परवडलं, पण गव्हाणीत, पाण्याच्या हौदात आणि मुरघासावर पडणारी घाण परवडत नाही. तिच्यातून साल्मोनेला हा जंतू जनावरांपर्यंत जातो, शेजारी कोंबड्या असतील तर त्यांना मानमोडी रोगाची भीती असते, आणि त्या घाणीतल्या आम्लाने पत्रा गंजतो तो वेगळाच.

आमच्या गोठ्यात मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी फटाके वाजवले, मग प्लॅस्टिकचं घुबड टांगलं. चौथ्या दिवशी एक पारवा त्या घुबडाच्या डोक्यावर बसून पंख साफ करत होता. मग रात्री बॅटरीच्या उजेडात अकरा कबुतरं पोत्यात भरली आणि 20 किलोमीटरवर सोडून आलो. दुसऱ्या दिवशी धार काढताना वर पाहिलं तर तुळईवर गर्दी होतीच. पूर्वी चिठ्ठ्या पोचवायला हाच पक्षी वापरत, हे मला आठवायला हवं होतं.

आधी नुसतं बघा

एक संध्याकाळ खाट टाकून बसा. कबुतरं कुठून आत येतात, रात्री कुठल्या अँगलवर बसतात आणि घरटी कुठे आहेत, ते खडूने खांबावर लिहून ठेवा. दिवसा दाणे टिपायला येणारी आणि मुक्कामाला राहणारी, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीला झाकण पुरतं, दुसरीला जाळी लागते.

दाणा-पाणी तोडा

पेंडीची पोती झाकणाच्या पिंपात ठेवा. आंबोण दिवसभर पडून राहील इतकं टाकू नका. जनावर अर्ध्या-पाऊण तासात संपवेल एवढंच द्या आणि उरलेलं झाडून घ्या. मका-सोयाबीन वाळत घातलं असेल तर वर जुनी जाळी पसरा. गळका नळ आठवडाभर तसाच राहिला असेल तर तोही बघा. एवढ्याने कबुतरं जाणार नाहीत, पण नवी यायची थांबतील.

घरटी रिकामी असतानाच हात घाला

मादी बहुतेक वेळा दोन अंडी घालते, ती साधारण 18 दिवस उबवली जातात, आणि पिलं महिनाभर तरी घरट्यात राहतात. पिलं आत असताना जाळी मारली तर ती वर उपाशी मरतात, गव्हाणीत अळ्या पडतात आणि आई-बाप दिवसभर जाळीवर धडका देतात. म्हणून पिलं उडेपर्यंत थांबा. नवीन काड्या मात्र दर दोन दिवसांनी बांबूने पाडत राहा. अंडी नसताना घरटं मोडलं की निम्मं काम तिथेच होतं.

घरटं कोणाचं आहे तेही पाहा. गव्हाणी घुबडाचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, ते तुमचे उंदीर मारतंय.

जाळी

खरं काम इथे आहे, पैसा इथेच घाला. कबुतरासाठी 50 मिलिमीटर भोकाची नायलॉनची किंवा एचडीपीई या टणक प्लॅस्टिकची जाळी चालते. ऊन पडणाऱ्या बाजूला उन्हाला टिकणारीच घ्या, स्वस्तातली लवकर विरते. शेडनेट मारायचा मोह होतो, तो आवरा. त्याने वारा कोंडतो आणि मुताचा अमोनिया आत साचतो.

गोठा चारी बाजूंनी उघडा असेल तर बाजू बंद करत बसू नका. कैचीच्या खालच्या अँगलला लागून, छतासारखी आडवी जाळी ताणा, म्हणजे बसायची जागाच वर अडकते. भिंतीच्या गोदामाला खिडक्या आणि वळचणीच्या फटी बंद केल्या की भागतं. कडेने आधी गंज न लागणारी तार ओढून घट्ट करा आणि मग जाळी वीतभर अंतरावर तिला बांधा. नुसती खिळ्यांवर अडकवलेली जाळी झोळीसारखी लोंबते आणि तिच्यात पक्षी गुरफटून मरतात. पंखे जाळीच्या खाली घ्या, बल्ब बदलायला एक कोपरा उघडता ठेवा.

शेवटची बाजू दुपारी बंद करा, कबुतरं शेतात गेलेली असताना. संध्याकाळी केलीत तर सगळा थवा आत कोंडाल. हे मी शिडीवर उभं राहून शिकलो.

जिथे जाळी पोचत नाही त्या भिंतीच्या कडेवर 45 अंशापेक्षा जास्त उताराचा पत्रा ठोका; कबुतराचा पाय ठरत नाही.

घाण काढताना

वाळलेली घाण कधीही झाडू नका. तिची धूळ फुप्फुसात जाते, तिच्यातून बुरशीचे आजार होतात आणि कायमचा दमाही मागे लागू शकतो. जनावरं आणि चारा बाहेर काढा, एन-95 मास्क लावा, घाण पाण्याने पूर्ण भिजवा आणि मग खुरप्याने खरवडा. फवारणीचा पंप वापरायचा तर कीटकनाशकाचा नको, वेगळा घ्या. गोळा केलेलं पोत्यात भरून खड्ड्यात पुरा, नंतर जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा.

कुणी विषारी दाणे टाकायला सांगेल. टाकू नका. पहिला बळी बहुधा कोंबडीचा किंवा कुत्र्याचा जातो, मेलेलं कबुतर गव्हाणीत पडतं, आणि पक्ष्यांना असं विष घालून मारणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही.

जाळीनंतर पहिले आठ-दहा दिवस कबुतरं पत्र्यावर बसून फट शोधत फिरतात. त्या दिवसांत रोज सकाळी एक चक्कर मारा आणि खिशात थोडी तार ठेवा.