पाळी जातानाची झोप आणि पहाटे साडेतीनची जाग: या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात माझं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळी सातनंतरची एक मागणी मला बाई बोलायच्या आधीच कळते. वय ४५ ते ५५. दुकानात पुरुष गिऱ्हाईक असेल तर ती तेलाच्या बाटलीवरची किंमत वाचत थांबते. दुकान रिकामं झालं की हळूच म्हणते, "अक्का, झोपेचं काय तरी दे की. साडेतीनला डोळं उघडतात ते परत मिटतच नाहीत बघ."

आतापर्यंत काय काय करून बघितलं, असं विचारलं की एक यादी ऐकू येते. ती यादीच झोपेच्या मुळावर आलेली असते, आणि दर बाईगणिक तीच. सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून टाकते.

आधी थोडं शरीराचं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास जाते. सलग १२ महिने आली नाही की ती गेली, असं डॉक्टर धरतात. झोपेचा घोळ मात्र त्याच्या बराच आधी, पाळी मागंपुढं व्हायला लागली की सुरू होतो. पहाटेच का? रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप उरकलेली असते, मागं सावध झोप राहते. शरीराचं तापमान चार-पाचच्या सुमारास तळाला जाऊन परत चढू लागतं, आणि दिवसाच्या तयारीसाठी कॉर्टिसॉल हे जागं करणारं हार्मोनही त्याच वेळी वाढत असतं. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन घटलं की मेंदूला तापमानातला एवढासा फरकही सोसत नाही: अंगातून वाफ, मग घाम, मग गारठा. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनानं मूळचीच थोडी गुंगी येते, तेही कमी झालेलं. त्यामुळं जाग येते यात बाईचा दोष नाही आणि "तुला कामं नाहीत म्हणून" असं म्हणणाऱ्या सासवांनी गप्प बसावं. पण आलेली जाग पक्की होते ती घरच्या उपायांनी.

आठलाच अंथरूण

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती शहाणपणासारखी दिसते. काल झोप झाली नाही, म्हणून आज लवकर पडते.

वडगावात मागाच्या घरातली एक काकू. घरात दोन पॉवरलूम, कांड्या भरायचं काम हिच्याकडं. तिची तक्रार होती की रात्रभर डोळा लागत नाही. मी म्हटलं, "काकू, पडता कधी?" "सव्वाआठला पडतो बघ. दिवसभर डोकं जड असतं." जाग कधी? तीनला. उठता कधी? सहाला. दुपारी वीज गेली की माग थांबतात, तेव्हा तासभर आडवी. आता हिशेब करा. रात्री सव्वाआठ ते तीन म्हणजे पावणेसात तास. अधूनमधून वाफा येऊन मोडलेली का होईना, पन्नाशीच्या बाईची बरीचशी झोप तिथंच झाली होती. वर दुपारचा तास. तीन ते सहा ती अंथरुणात पडून जी कूस बदलत होती, तिला ती निद्रानाश म्हणत होती. शरीराकडं सहा-सात तासांची झोप आणि बाई अंथरुणात पावणेदहा तास. उरलेली झोप येणार कुठून?

मी सांगितलं, दुपारचं पडणं बंद. रात्री पावणेअकराच्या आत अंथरुणाला पाठ लावायची नाही. सव्वापाचला उठायचं, झोप झालेली असो नसो, रविवार असो की लग्नघर. काकू दोन दिवसांत परत आली ती भांडायलाच. जेवता जेवता डुलकी लागते, सून हसते, तुझा उपाय तुलाच ठेव. मी म्हटलं, आधी तीन आठवडे काढा, मग भांडा. दुसऱ्या आठवड्यात जाग चारच्या पुढं सरकली. महिन्याभरानं ती तेलाची बाटली न उचलता सरळ काउंटरवर येऊन म्हणाली, पाचला जाग येते, ती चालेल. मग झोपायची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडं आणली.

हे माझं डोकं नाही. निद्रानाशाच्या मानसोपचारात अंथरुणातला वेळ आटवणं हा मुख्य भाग आहे, १९८० च्या दशकापासून वापरात आहे. फक्त अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली नेऊ नका. फिट येणाऱ्या, उन्मादाचे झटके येणारा मानसिक आजार (बायपोलर) असलेल्या आणि गाडी चालवून कामाला जाणाऱ्या बायकांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे "जाग आलीच आहे तर" म्हणून साडेचारला फिरायला निघणं, भांडी घासणं, पीठ मळणं. आठला पेंगणाऱ्या आणि तीनला उठणाऱ्या बाईचं घड्याळ आधीच पुढं पळतंय. पहाटेचं काम आणि पहाटेचा उजेड त्याला आणखी पुढं ढकलतो. चालायचंच तर संध्याकाळी चाला. मी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर साडेपाचनंतर जाते. मावळतीचा उजेड डोळ्यांत गेला की पेंग उशिरा येते, हा माझा आणि बऱ्याच जणींचा अनुभव. कार्तिकात महिनाभर काकड आरतीला जाणाऱ्यांचं काय, असं विचाराल. जा की. पण आरती संपल्यावरही शरीर महिनाभर चारलाच उठवणार, हे गृहीत धरा आणि त्याला रोग म्हणू नका.

जागी राहून अंथरुणात तळमळत असाल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिवा, वाती वळा, जप करा, कंटाळवाणं काहीही. पेंग आली की परत. घड्याळ भिंतीकडं तोंड करून ठेवा. मोबाईल हातात घेतला की ती रात्र संपली, त्यावर मी जास्त बोलत नाही.

मालकांची गोळी

दुसरी चूक धोक्याची, म्हणून सविस्तर.

खानापूरकडच्या एका गावातली मावशी. मालकांना डॉक्टरांनी कधीतरी अल्प्राझोलाम ही चिंतेवरची, गुंगी आणणारी गोळी लिहून दिली होती. त्यांनी ती सोडून दिली, पण पाकीट कपाटात राहिलं. एका रात्री हिनं अर्धी घेतली. झकास झोप. मग रोज अर्धी, पुढं एक, मग "एकीनं भागत नाही" म्हणून दीड. मुलगा बापाच्या जुन्या चिठ्ठीवर कुठून तरी पाकिटं आणत राहिला. वर्ष-दीड वर्ष असं चाललं.

माघी पौर्णिमेला सगळी मंडळी सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेली. गोळ्या घरीच राहिल्या. पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, छाती धडधडायला लागली, घामानं लुगडं भिजलं, बोलण्यात तुटकपणा. आता डोंगरावर अशी बाई दिसली की लोक काय समजणार? अंगात आलं. कपाळाला भंडारा फासला, पायावर पाणी घातलं, कुणीतरी उदो उदो केला. सूनबाई तेवढी शहाणी. तिनं बाजूला जाऊन मला फोन केला. मी पहिलाच प्रश्न विचारला, "रोजचं कुठलं औषध चुकलंय का?" त्यांना तसंच दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरांनी तीच गोळी परत सुरू करून आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेली. काही महिने गेले त्यात. रोजची अशी गोळी एकदम तोडली तर फिटही येऊ शकते, हे देवीला माहीत असेल, जमलेल्या माणसांना नव्हतं.

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही गुंगीची औषधं आपल्याकडं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत येतात. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दिली की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिली ते वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. पाकिटावर लाल चौकट त्यासाठीच असते. "ओळखीचं गिऱ्हाईक आहे, दे की एक पत्ता" म्हणून माझ्यावर रुसणाऱ्या पुष्कळ आहेत. रुसू देत. ही गोळी अंगातली वाफ थांबवत नाही, नुसती जाग दाबते. शिवाय या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. रात्री गुंगीत मोरीकडं जाताना पडून मनगट मोडून आलेल्या बायका मी पाहिल्यात.

जाता जाता: मेलॅटोनिन या झोपेच्या हार्मोनच्या गोड गोळ्या हल्ली घरपोच येतात. त्या झोप लागायला थोडी मदत करतात, लागलेली झोप पहाटे टिकवायला फारशी नाही. जायफळ चिमूटभर दुधात ठीक. चमच्यानं घेऊ नका, जास्त जायफळ विषारी असतं.

मिश्री

निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या बायकांना हे विचारावंच लागतं, कारण आपणहून कुणी सांगत नाही. झोपताना एकदा मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची आणि जाग आली की "जीव रमत नाही" म्हणून परत. निकोटीन जागं करणारं आहे. शिवाय त्याचा अंमल दोनेक तासांत अर्धा उतरतो, मग शरीर पुन्हा मागतं. पहाटेची जाग कधी कधी वाफेची नसते, डब्याची असते. एकदम सुटत नसेल तर निदान जेवणानंतरची आणि पहाटेची बंद करा, डबा शेजघरातून हलवा. तोंडाच्या कॅन्सरचं वेगळं सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात

चहा दुपारी तीननंतर नको. त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही अर्धं अंगात असतं. "मला चहानं काही होत नाही" असं म्हणणाऱ्या बहुतेक जणी साडेतीनला जाग्या असतात.

एक जाड रग घेऊ नका, दोन पातळ चादरी घ्या, नवऱ्याची वेगळी. आपल्याकडं पावसाळ्यात खिडक्या घट्ट लावून रगात शिरतात आणि आत वाफ कोंडते. पंख्यावरून भांडण होतं, होऊ दे.

नळाला पहाटे पाणी येणार म्हणून एक कान उघडा ठेवून झोपत असाल तर ते काम लेकाला द्या.

दोन रात्री करून "फरक नाही" म्हणणाऱ्यांना माझ्याकडं उपाय नाही.

"पिशवी काढलीय, मग हे कसलं?"

गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी जाणं हळूहळू होत नाही, एका दिवसात होतं, आणि वाफा जोरात येतात. ऑपरेशनचा कागद शोधा, अंडाशयं ठेवली का काढली ते बघा. बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं, आणि कागद नवऱ्याच्या ट्रंकेत असतो.

हार्मोनच्या गोळीचं नाव काढलं की "कॅन्सर होतो" हे लगेच येतं. ती भीती २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बाईला, स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी असं काही नसेल तर, आता डॉक्टर हा उपाय विचारात घेतात. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच. हार्मोन नको असेल तर वाफांवर चालणारी दुसरी औषधंही आहेत. हे सगळं स्त्रीरोगतज्ज्ञानं ठरवायचं, काउंटरवर नाही.

आणि काही गोष्टी पाळीच्या माथी मारू नका. झोपेत मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं: पाळी गेल्यावर हे वाढतं, तपासून घ्या. रात्री पाय वळवळणं: रक्तातलं लोह बघा. वजन उतरतंय, छाती धडधडतेय: थायरॉईड बघा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंबही रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर. पहाटे जाग येऊन रडू येत असेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. केंद्र सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात आणि कन्नडमध्येही.

डॉक्टरकडं जाताना दोन आठवड्यांची वही न्या. रोज सकाळी चारच गोष्टी लिहायच्या: कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, कधी जाग आली, वाफ आली का. शेवटची पाळी कधी आली तेही पहिल्या पानावर. चालू असलेली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, मालकांचीसुद्धा, आणि मिश्री लावत असाल तर ते लपवू नका.