बुडालेल्या व्यक्तीचा शोध: श्वान आणि पाणबुड्यांनी एकत्र काम कसं करावं

बोटीच्या टोकावर उभा असलेला शोधश्वान भुंकला की काठावरची माणसं लगेच म्हणतात, "इथंच आहे, उतरा खाली." पाणबुडा बरोबर त्याच जागी उतरतो, हाती काही लागत नाही आणि श्वान खोटा ठरतो. श्वान मृतदेहाची जागा दाखवतच नाही. मृतदेहाचा वास पाण्याबाहेर पडून वाऱ्यावर त्याच्या नाकापर्यंत येतो, ती जागा तो दाखवतो. धरणाच्या संथ पाण्यात या दोन जागांमध्ये पाच-दहा मीटरचा फरक पडतो, वाहत्या नदीत दोनशे मीटरचाही पडू शकतो. हा फरक काढून पाणबुड्याला शोधाचा चौकोन आखून देणं हेच पथकाचं खरं काम.

वास वर येतो कसा

मृतदेहातून वायूचे बुडबुडे, तेलकट द्रव्य आणि त्वचेचे कण सुटतात. काही मिलिमीटर आकाराचा बुडबुडा सेकंदाला साधारण 25 सेंमी वेगाने चढतो. तेलाचे बारीक थेंब फार सावकाश, सेकंदाला 1 सेंमी किंवा त्याहूनही कमी वेगाने. आता 8 मीटर खोल नदी घ्या, धारेचा वेग सेकंदाला 0.3 मीटर. बुडबुडा 32 सेकंदांत वर येईल आणि जेमतेम 10 मीटर खाली वाहून जाईल. तेलाचा थेंब 800 सेकंद घेईल आणि 240 मीटर खाली निघेल. म्हणून नदीत वासाचा ठिपका नसतो, धारेच्या दिशेने पसरलेला लांब पट्टा असतो आणि उपयोगाचं असतं ते त्याचं वरच्या अंगाचं टोक.

धरणात अडचण वेगळी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, आणि दोन्हींच्या सीमेवर वास अडकून आडवा पसरतो. दोरीला थर्मामीटर बांधून दर मीटरला तापमान घ्या. एखाद्या मीटरमध्ये ते एकदम उतरलं तर सीमा तिथे आहे, आणि श्वानाच्या इशाऱ्यावर त्या दिवशी जपूनच विसंबा. खोलीचाही विचार हवा. 10 मीटरवर दाब दुप्पट असल्याने वायूचं आकारमान निम्मं राहतं, 30 मीटरवर पाव. त्यामुळे खोल, गार पाण्यातला मृतदेह फुगून वर यायला फार वेळ घेतो, कधी येतही नाही. कोमट, उथळ पाण्यात तो दोन-तीन दिवसांत वर येतो.

बोट पाण्यात ढकलण्याआधी

शेवटचं पाहिलेल्या जागेची चौकशी साक्षीदारांना वेगवेगळं बाजूला घेऊन करा. प्रत्येकाला तो तेव्हा जिथे उभा होता तिथेच उभं करा आणि हाताने दिशा दाखवायला सांगा. कंपासवर दोन रेषा जिथे छेदतात तिथून सुरुवात. "झाडाच्या समोर" असलं वर्णन कामाचं नाही, कारण दहा पावलं सरकलं की समोरचं झाड बदलतं. संथ पाण्यात बुडालेली व्यक्ती तळाशी जाताना फारशी आडवी सरकत नाही; धार असेल तरच अंदाज लांबवर न्यावा लागतो.

धरणाखालच्या नदीत किंवा जलाशयात काम असेल तर जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयाकडून विसर्ग किती आणि दरवाजे कधी उघडणार हे लेखी घ्या. वीजगृहाच्या तोंडाजवळ किंवा दरवाज्याजवळ पाणी ओढलं जात असेल तर पाणबुडा उतरवायचाच नाही. तिथे दाबाने माणूस जाळीला चिकटला की सोडवता येत नाही. पुराच्या पाण्यात श्वानाचं काम काठावरून करा.

आणि मृतदेह अडकवून काढायला गळ टाकणाऱ्यांना थांबवा. गळाने तळ ढवळला की वास आणि गाळ सगळीकडे पसरतो, मग श्वान दिवसभर गोंधळतो. गळ वापरायचाच असेल तर श्वानाच्या फेऱ्या झाल्यावर.

बोट आणि सामान

बोट सपाट तळाची, 4 ते 5 मीटर लांब, काठ बुटका. फुगवायच्या बोटीचा जाडजूड काठ श्वानाचं नाक पाण्यापासून दूर ठेवतो, म्हणून अशी बोट असेल तर पुढे पक्कं व्यासपीठ करून घ्या. पायाखाली रबरी चटई. उन्हात तापलेल्या अॅल्युमिनियमवर पंजे भाजतात. बोटीत तिघे: चालक, हँडलर म्हणजे श्वान हाताळणारा, आणि नोंद घेणारा. श्वानाला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला, पण त्याला बोटीशी बांधू नका. बोट उलटली तर बांधलेला श्वान खालीच राहतो.

इंजिनाचा धूर हा सगळ्यात मोठा शत्रू. शक्यतो बॅटरीवर चालणारी मोटर वापरा, नाहीतर वल्ही. पेट्रोलचं इंजिनच असेल तर वाऱ्याला तोंड देऊनच पुढे जा म्हणजे धूर मागे राहील. वाऱ्याच्या दिशेने परत जाताना शोध बंद समजायचा. वाऱ्याचा अंदाज घ्यायला पिळता येणाऱ्या बाटलीत मक्याचं पीठ भरा आणि दर काही मिनिटांनी फुंकारा. उदबत्ती नको, वासाच्या कामात दुसरा वास कशाला.

खुणेसाठी 5 लिटरचे रिकामे कॅन, 2–3 किलोचं वजन आणि खोलीपेक्षा थोडी लांब नायलॉनची दोरी. प्रत्येक कॅनवर क्रमांक. आठ तरी जवळ ठेवा.

फेऱ्या

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा मंद पण वाहता असताना. वारा पूर्ण पडला तर वास पाण्यावर साचून फसवतो; भर दुपारी तो उन्हाने वर उचलला जातो. वाऱ्याखालच्या बाजूने सुरुवात करा आणि वाऱ्याला आडवे वळसे घेत वारा येतो त्या दिशेला चढत जा. दोन रेषांमध्ये 10 ते 20 मीटर, वारा कमी तर अंतरही कमी. वेग चालत्या माणसापेक्षा कमी. नदीत वळसे खालून वरच्या दिशेने.

श्वान आधी डोकं झटकन वळवतो, नाक पाण्याजवळ नेतो, शेपटीची चाल बदलते. मग तो बोटीच्या पुढून बाजूला, बाजूकडून मागे धावतो, कारण बोट वासाच्या पुढे निघून गेलेली असते. काही श्वान पाणी चाटतात, चावतात, कुंकूं करतात. शिकवलेला इशारा, म्हणजे भुंकणं किंवा बसणं, त्यानंतर. चालकाने त्या क्षणी बोट थांबवायची नाही. थांबवली तर श्वान लवकरच शिकतो की भुंकलं की बोट थांबते. वळून तीच जागा दुसऱ्या दिशेने पार करा.

नोंद घेणारा प्रत्येक बदलाचं जीपीएस, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहितो. कॅन मात्र लगेच टाकू नका. 20–30 मिनिटांनी श्वान थकतो. मग दुसरा श्वान आणि दुसरा हँडलर उतरवा, ज्यांना पहिल्याच्या नोंदी ठाऊक नाहीत आणि पाण्यावर खुणाही दिसत नाहीत. हँडलरला उत्तर माहीत असलं की ते त्याच्या खांद्यावरून श्वानाला कळतं. दोघांच्या नोंदी जिथे जुळतात तिथेच कॅन.

पाणबुड्याचा चौकोन

नदीत, खालून वर जाताना इशारा जिथे संपला ते पट्ट्याचं वरचं टोक. चौकोनाची वरची कड त्याच्याही वर 15–20 मीटर धरा, आणि पाणबुड्याला वरच्या कडेपासून उतरवा. जलाशयात इशाऱ्यांच्या घोळक्यापासून वारा येतो त्या बाजूला सरका.

तळाशी 10 किलोचं वजन, त्याला दर मीटरला गाठ मारलेली 15 मीटरची दोरी आणि गोल फेऱ्या. गढूळ पाण्यात हाताच्या चाचपणीवर काम असतं, म्हणून प्रत्येक फेरीला फक्त 1 मीटर दोरी सोडा. दोरीच्या खेचण्यांचे अर्थ काठावरच ठरवा आणि मोठ्याने म्हणून घ्या. जलाशयात बुडालेली झाडं आणि मासेमारीची जुनी जाळी असतात, तेव्हा कापायची हत्यारं दोन, वेगवेगळ्या हाताला पोचतील अशी.

पाणबुडा खाली असताना श्वानाची बोट पाण्यात नको. त्याच्या उच्छ्वासाचे बुडबुडे आणि ढवळलेला तळ दोन्ही नोंदी बिघडवतात. काही सापडलं नाही तर पाणबुडे वर आल्यावर अर्धा तास थांबून श्वान पुन्हा फिरवा. तळ ढवळल्याने सुटलेला वास कधीकधी आधीपेक्षा नेमकी जागा देतो.

आपल्याकडचे फसवे इशारे

उजनीसारख्या जलाशयात जलपर्णीचे पुंजके वास धरून ठेवतात. वाऱ्याने ते सरकतात आणि वासही सोबत नेतात. पुंजक्याच्या कडेचा इशारा लिहा, पण पुंजका कुठून आला तेही लिहा. स्मशानघाटाच्या खालच्या पाण्यात राख आणि अस्थी असतात. तिथला श्वान खरं सांगतोय, फक्त आपल्या कामाचं नाही. मेलेली जनावरं आणि मासे यांकडे दुर्लक्ष करायला श्वान आधीच पक्का केलेला असावा.

तयारी

श्वानाचा सराव आधी जमिनीवर, मग काठाजवळ अर्धा मीटर खोलीत छिद्रांच्या नळीतून, मग धक्क्यावरून, शेवटी बोटीतून. वासाचा नमुना वैद्यकीय संस्थेकडून लेखी परवानगीने घ्या आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नका. बरेच जण बरणीतून हवा पंप करून नळीने वास तळाशी सोडतात. मत्स्यटाकीचा छोटा पंप एक-दीड मीटरपलीकडे दम धरत नाही. 5 मीटरला टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप घ्या आणि नळी 30 मीटर तरी लांब ठेवा, म्हणजे श्वान पंपच शोधणार नाही. यात मोठा धोका असा की श्वान वास सोडून बुडबुडे शोधायला शिकतो. म्हणून प्रत्येक सरावात एक-दोन पंप रिकाम्या बरणीने चालवा. पाणबुड्याने नमुना तळाशी नेऊन उघडला तर तो वर येऊन निघून गेल्यावर 30–40 मिनिटांनी श्वान आणा, आणि काही वेळा पाणबुड्याने रिकाम्या हाती बुडी मारावी. पाणबुड्याने चेंडू घेऊन वर येण्याचा खेळ श्वानाला फार आवडतो, पण त्याने श्वान जिवंत पाणबुड्यावर भुंकायला लागतो.

प्रत्यक्ष शोधात मृतदेह सापडेपर्यंत बक्षीस देऊ नका. दिवसाच्या शेवटी काठावर एक लपवलेला नमुना शोधायला लावा आणि तिथे मनसोक्त खेळू द्या. घाण पाण्यात काम केल्यावर श्वानाला स्वच्छ पाण्याने धुवा; लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर हवी. पाण्यावर हिरव्या रंगाचं पेंट सांडल्यासारखा थर दिसला तर श्वान उतरवूच नका. ते विषारी शेवाळ असू शकतं, आणि पाणी चाटणारा, चावणारा श्वान त्याने काही तासांतही दगावतो.