रंग, कॉलनी आणि मीठ: रत्नागिरीच्या मासळी लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी केलेल्यांना रत्नागिरीत नोकरी शोधताना मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्याची लॅब हमखास समोर येते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत रुजू झालात तर उत्तम; सॅम्पल कमी, सीनियर मोकळे, शिकवायला तयार.

कॉलेजात ग्राम स्टेनिंग (रंग देऊन जिवाणू जांभळे म्हणजे ग्राम पॉझिटिव्ह की गुलाबी म्हणजे ग्राम निगेटिव्ह ते बघायची पद्धत) इतकं घोटून घेतात, की जांभळं-गुलाबी कळलं म्हणजे सगळं कळलं असं वाटतं. कोळंबीच्या सॅम्पलमधले व्हिब्रिओ गटाचे जिवाणू तिथेच दगा देतात. सगळे ग्राम निगेटिव्ह, सगळे थोडे वाकडे दांडके. स्लाइडवर कोण कोणता ते ओळखू येत नाही. तिथे टीसीबीएस या, व्हिब्रिओ वाढवायच्या खास मीडियमची हिरवी प्लेट कामाला येते. सुक्रोज (साखर) वापरून आम्ल करणाऱ्यांच्या कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, पिवळ्या दिसतात, बाकीच्या हिरव्या. व्हिब्रिओ कॉलरी, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू, पिवळा, पॅराहिमोलिटिकस हिरवा. पण अल्जिनोलिटिकसही पिवळाच, आणि समुद्राच्या मासळीत तो भरपूर. त्यामुळे पिवळं दिसलं की घाबरून साहेबांकडे धावू नका. आधी मीठ नसलेल्या मीडियमवर लावून बघा: कॉलरी वाढतो, बाकी दोघे वाढत नाहीत. प्लेट 18 ते 24 तासांत वाचा. फार उशीर केला तर पिवळ्या कॉलनी हिरवट व्हायला लागतात. ऑक्सिडेज ही ओळख पटवायची चाचणी मात्र टीसीबीएसवरून थेट करू नका, कॉलनी साध्या अगारवर घेऊन मग करा.

स्टेनिंग येतंच, तरी दोन गोष्टी सांगतो. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर) इतका पातळ हवा, की वाळल्यावर स्लाइड छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, म्हणून बर्नरवर धरायचा मोह होतो. तसं केलं की पेशींचा आकार बिघडतो. पंख्याखाली ठेवा नि चहा घेऊन या. आणि रंग धुवायचं अल्कोहोल घड्याळ बघून नको, ओघळणारा जांभळा रंग थांबेपर्यंतच. त्याच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफ (ग्राम पॉझिटिव्ह), दुसऱ्या टोकाला ई. कोलाय (ग्राम निगेटिव्ह) ठेवला की आपला हात कुठे चुकला ते लगेच दिसतं.

प्लेट उलटी ठेवायची हे पाठ असतंच, पण दमट हवेत ओतलेल्या प्लेट आधी नीट वाळवायच्या. पाणी राहिलं की कॉलनी एकमेकींत पसरतात, मग मोजणार काय? कॉलनी उचलायची तार, म्हणजे लूप, लावण्याआधी रजिस्टरमध्ये कॉलनीचा रंग, व्यास, कडा, उंची, चकाकी लिहा. नावाच्या रकान्यात तेव्हा फक्त ‘संशयित’.