बरणीतला फायटर जगवायचा कसा?

डिसेंबरात नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या इमारतीतलं एक कुटुंब बदलीच्या गावी गेलं आणि जाताना जिन्यात काचेची एक बरणी ठेवून गेलं. तीनेक लिटर पाणी, रंग कोऱ्या चहाचा. तळाशी फुगलेले कुरमुरे आणि त्यावर आडवा पडलेला फायटर मासा. कधीकाळी निळा असावा. "काका, मेलाय का हो?" समोरच्या पोरानं विचारलं. बरणी जरा हलवली तर कल्ला उघडला-मिटला.

असा मासा घरी आला की पहिल्यांदा हात शिवशिवतात ते बरणी घासायला. घासू नका. मी पूर्वी एका गोल्डफिशची अशीच साफसफाई केली होती. अर्धं पाणी ओतून तेवढंच ताजं भरलं आणि संध्याकाळी मासा उलटा तरंगत होता. सडलेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया अशा पाण्यात अमोनियम होऊन बसतो, आणि तो फारसा बाधत नाही. वरून ताजं पाणी पडलं की आम्लता उतरते आणि त्याच अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. सगळंच पाणी बदललं तर हे विष जातं, पण क्षार आणि तापमान एका झटक्यात पालटतात. दमलेल्या माशाला तेही झेपत नाही.

पहिला दिवस

आधी पाणी तयार करा. नळाचं पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालायचं. गोदावरीच्या पुरात नदीतला दुतोंड्या मारुती बुडायच्या दिवसांत, म्हणजे नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास मारतो तेव्हा, मी दोन्ही करतो. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, ते टाळलेलं बरं.

बरणीतलं पाव पाणी वाटीनं काढा आणि काढताना तळाचे कुरमुरेही उचला. मग तयार पाणी पेल्या-पेल्यानं, तासभर थांबत थांबत घाला. दोन्ही पाण्यांचं तापमान एकच हवं, आणि ते थर्मामीटरनं बघा, बोट बुडवून नाही. असं रोज पाव-पाव, चार-पाच दिवस. पहिल्या दिवशी खायला काही देऊ नका. बरणीला दिवसातून दहा वेळा जाऊन बघू नका, हेही सांगायला हवं. मला जमलं नव्हतं.

ऊब

फायटर मूळचा थायलंडकडच्या उबदार, संथ पाण्यातला. त्याला २५ ते २८ अंश लागतात. आपल्याकडे निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की नाशकातल्या घरातली बरणीही गार पडते, आणि गार पाण्यात हा मासा खात नाही, हलत नाही, त्याची प्रतिकारशक्तीही ढेपाळते. पुष्कळदा 'आजारी' दिसणारा फायटर नुसता गारठलेला असतो.

म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी त्याला १५ ते २० लिटरच्या टबात किंवा टाकीत हलवा आणि ५० वॅटचा हीटर लावा. पाणी दर दोन-तीन तासांनी एक अंश, यापेक्षा वेगानं तापवू नका. हीटर बुडालेला असेल तेव्हाच बटण दाबायचं. पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी बंद करायचा, नाहीतर तापलेली काच तडकते. रात्री लाइट गेली तर टाकीभोवती जुनी गोधडी गुंडाळा, फक्त वरची बाजू उघडी ठेवा. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो.

मीठ, पान आणि औषधं

शेपटीच्या कडा कुरतडल्यासारख्या, पांढुरक्या किंवा काळ्या दिसत असतील तर ती पंखांची सड. बहुतेक वेळा स्वच्छ, उबदार पाणी हाच तिच्यावर उपाय. जोडीला खडेमीठ: पाच लिटरला एक सपाट चहाचा चमचा, वेगळ्या पेल्यात विरघळवून. आठ-दहा दिवस पुरे. मीठ पाण्याबरोबर उडत नाही, त्यामुळे आटलेलं पाणी भरताना ते पुन्हा घालायचं नाही. बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं.

रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळून वाळलेलं पान धुऊन टाकीत सोडलं तर पाणी तपकिरी होतं आणि फायटरला ते मानवतं. फवारणी केलेल्या झाडाचं मात्र घेऊ नका.

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके आले तर तो व्हाइट स्पॉट. हा परजीवी माशाच्या अंगावर असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवायचे. मिथिलीन ब्लू हे निळं औषध वेगळ्या टबातच वापरा, फिल्टरमधले उपयोगी जीवाणू त्यानं मरतात. कपाटातली उरलेली अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणं हा प्रकार तर बंदच करा. पोट फुगून खवले सीताफळासारखे उभे राहिले असतील तर मासा क्वचितच वाचतो, तेवढी मनाची तयारी ठेवावी.

आणखी एक, जे दुकानदार सांगत नाहीत: त्या खोलीत डासांची कॉइल किंवा स्प्रे नको. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माशांना फार विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो.

खाणं आणि फिल्टर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज फायटरच्या खाद्याचे दोन दाणे. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं. उरलेलं पाच मिनिटांत काढा. हा किडे खाणारा मासा आहे, कुरमुरे आणि ब्रेड त्याच्या कामाचे नाहीत.

टाकीला साधा स्पंज फिल्टर लावा, हवा मंद ठेवून. अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दर दोन-तीन दिवसांनी पाव पाणी बदलावंच लागतं. कुणा ओळखीच्याकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा गाळ आपल्या टाकीत पिळून घ्या, वस्ती लवकर बसते. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळखळवा.

आमचा फायटर नवव्या दिवशी दाण्यासाठी वर आला. तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या फाटक्या कडेला पारदर्शक, प्लास्टिकच्या कागदासारखी झालर दिसली. हीच नव्यानं वाढणारी शेपटी, तिला सड समजून औषध ओतू नका. संक्रांतीनंतर त्यानं पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं. तेव्हापासून टाकीवर जाळी ठेवतो आणि पाणी काठाच्या चार बोटं खाली, कारण बरा झालेला फायटर उडी मारतो.