घरासकट गॅरेजात: कोकण किनाऱ्यावर मोटरहोम नेण्याआधीची तयारी

साध्या गाडीचा क्लच गेला तर गाडी गॅरेजात जाते आणि माणसं लॉजवर. मोटरहोमचा क्लच गेला तर गाडीबरोबर बिछाना, शेगडी, धुतलेले कपडे आणि फ्रिजमधले बांगडेही गॅरेजात जातात. लांबच्या सहलीत खिशाला खरा चटका लागतो तो इथे. दुरुस्तीचं बिल एकदा ऐकून मान्य करता येतं, पण वाट बघण्याचे दिवस मोजता येत नाहीत. देवगडला गाडी अडली, हवा तो पार्ट कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने यायचा आहे, मध्ये रविवार आला आणि महिना मेचा आहे, असं धरून चला. सीझनच्या भावाने खोली, चार माणसांचं दोन वेळचं जेवण, मिस्त्रीकडे जायला-यायला रिक्षा. म्हणून खर्चाचा अंदाज मांडताना पहिली ओळ डिझेलची लिहू नका. पहिली ओळ ‘गाडीविना तीन रात्री’ अशी लिहा. माझं मत विचाराल तर एकूण खर्चाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकावा आणि घाट चढून परत येईपर्यंत त्याला हात लावू नये.

कागद आधी. टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन आत प्लायवूडचं घर उभारलेलं असेल तर त्या बदलाची नोंद आरटीओकडे झालेली हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीकृत गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. ‘कोण बघतंय’ म्हणणारे बरेच भेटतात. नाक्यावरचा पोलीस कदाचित नाही बघणार, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर नक्की बघतो. आतलं फर्निचर, बॅटरी, सोलर हे सगळं पॉलिसीत लिहून घेतलंय का, ते विचारा. इंजिनात पाणी शिरल्यावर होणारं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही, त्याला ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. गाडी भाड्याची असेल तर नंबरप्लेट पिवळी हवी, किंवा स्वतः चालवायला दिलेली असेल तर काळ्यावर पिवळ्या अक्षरांची. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात झटकायला मोकळी. लायसनची चिंता बरीच कमी झाली आहे: ७५०० किलोच्या आतली व्यावसायिक गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसनवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाच्या रेड्डीच्या पुढे गोव्यात उतरायचं असेल तर परमिट त्या राज्यातही चालतं का, हे मालकाकडून लेखी घ्या. त्याच कागदावर टायर, काच आणि टपावरचं नुकसान कोणाच्या माथी, हेही येऊ दे. डिपॉझिट कापलं जातं ते बहुतेक टपावरून.

कारण कोकणात गाडी खालून कमी आणि वरून जास्त घासते. सागरी महामार्ग रेवस ते रेड्डी नकाशावर सलग दिसतो. प्रत्यक्षात तो कुठे दोन पदरी, तर कुठे वाडीच्या मधून जाणारा, एका बाजूला चिऱ्याचा गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार असा असतो. फणसाची आडवी फांदी, घरात घेतलेली लाइटची वायर, शिमग्यात बांधलेली आणि अजून न काढलेली पताका, सगळं टपाच्या उंचीला. म्हणून निघण्याआधी टेप घेऊन एसी, सोलर आणि कॅरियर धरून उंची मोजा, चिठ्ठीवर लिहा आणि ती स्टिअरिंगसमोर चिकटवा. लांबी-रुंदीही लिहा, आरशांसकट. समोरून एसटी आली की मागे तुम्हालाच जायचं असतं, हे मनाशी पक्कं करा. वाडीत शिरताना एकाने उतरून पुढे चालत जावं, आणि तो माणूस नाराज न होणारा असावा.

वजन हा दुसरा न दिसणारा खर्च. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यात बॅटऱ्या, गॅस, सायकली, आणि परतीला आंब्याच्या पेट्या. गाडी पूर्ण भरून, माणसं बसवून एकदा वजनकाट्यावर न्या. पैसे किरकोळ लागतात. आरसीवर लिहिलेल्या वजनाच्या वर काटा गेला तर ब्रेक, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायर तिन्ही आधी संपतात, आणि तेही आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना कळतं. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तळाशी आल्यावर जळका वास येईल आणि पुढच्या गावात ब्रेक लायनर शोधत फिराल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं. मोटरहोम महिनोन्महिने उभी असते आणि रबर उभ्या उभ्याच म्हातारं होतं. तुमच्या मापाचा टायर किनाऱ्यावरच्या छोट्या बाजारात मिळेलच असं नाही, म्हणून स्टेपनीची हवा तपासा आणि जॅक तुमच्या भरलेल्या गाडीचं वजन पेलतो का, ते घरच्या अंगणात उचलून पाहा. ज्यांच्या गाडीला डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) लागतं त्यांनी एक कॅन आत ठेवावा. पंप सापडतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे डीईएफ असेलच असं नाही.

आता फेरीबोटी. उत्तरेकडून दक्षिणेकडे आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. या चार जागी बोट मिळाली तर खाडी काही मिनिटांत पार होते. नाही मिळाली तर दाभोळहून गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा. डिझेल गेलंच, शिवाय दिवसही गेला. म्हणून प्रत्येक खाडीसाठी खर्चाच्या वहीत दोन आकडे हवेत: बोटीचे आणि वळशाचे. तिकीट गाडीच्या प्रकारावर असतं आणि मोटरहोमला कोणत्या खान्यात घालायचं, यावर तिकीटवाला क्षणभर थबकतो. कार, टेम्पो की मिनीबस? वाद घालू नका, फरक किरकोळ असतो. खरी गोष्ट उताराची आहे. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि मोटरहोमची मागच्या चाकांमागे लोंबणारी लांब शेपटी जमिनीला टेकते. तिथेच तर घाण पाण्याची टाकी आणि तिचा पाइप. बोटीवरचा माणूस सांगतो, “मागनं घासेल हां दादा, जरा पाणी चढू दे.” त्याचं ऐकायचं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. वेळ रोज साधारण पाऊण तास ते तासभर पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सगळ्यात खोल जाते. त्या तारखांना दुपारची बोट धरून संध्याकाळचं बुकिंग करणं टाळा. समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात, त्याला इलाज नाही.

वाळूबद्दल थोडक्यात: गाडी पुळणीवर घालू नका. मुरूड, कर्दे, काशीद, कुठेच नाही. कडक दिसणारी ओली वाळू तीन टनांखाली बसते, मग ट्रॅक्टर येतो, आणि त्याचा भाव वाळूपेक्षा भरतीवर ठरतो. पाणी चाकाला लागलेलं असताना घासाघीस कोण करणार? बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावर गाडी नेण्याला मनाईही आहे, म्हणजे दंड वेगळा. खारं पाणी इंजिनात किंवा वायरिंगमध्ये गेलं तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण तयारच असतं. टो करायचा पट्टा आणि तो अडकवायची लोखंडी कडी, डी-शॅकल, तरी जवळ ठेवा, कारण रस्त्याकडेचा भिजलेला मुरूमही फसवतो.

वीज, पाणी आणि संडास ही तीन खाती एकत्र बघा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी प्रत्येक मुक्कामी खांबावर सॉकेट आणि सांडपाण्याचं तोंड मिळेल, असं धरून चालू नका. बहुतेक रात्री कोणाच्या तरी होमस्टेच्या अंगणात किंवा खळ्यात जातील. तिथला साधा सॉकेट सहा अँपिअरचा, म्हणजे जेमतेम तेराशे वॉटचा. त्यावर एसी आणि इंडक्शन एकदम लावलंत तर मालकाच्या घरातली लाइट जाते आणि रात्री अकराला वायरमन शोधायची वेळ येते. तोही खर्च तुमचाच. सोळा अँपिअरचा पॉइंट कुठे आहे ते गाडी लावण्याआधी विचारा, जाड वायरची वीस-पंचवीस मीटर एक्स्टेंशन न्या आणि अर्थिंग तपासायचा छोटा टेस्टर न्या. मेमध्ये कोकणात व्होल्टेज पडतं, त्यात एसीचा कॉम्प्रेसर जळतो. दोनशे अँपिअर-अवरच्या बारा व्होल्ट बॅटरीत जेमतेम अडीच युनिट वीज मावते. एसीसाठी ती दोन-अडीच तासांची. पंख्यावर झोपायची तयारी ठेवा, मच्छरदाणी धडधाकट ठेवा.

पाण्याचं गणित बाहेरच्यांना विचित्र वाटतं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो, कारण इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. तुमची शंभर लिटरची टाकी ज्या विहिरीतून भरायची, तिच्यावर त्या घरचीही आंघोळ असते. विचारून भरा, पैसे पुढे करा, घेतले नाहीत तर दुकानातून काहीतरी आणून द्या. पिण्याचं वेगळं ठेवा. संडासाची कॅसेट, म्हणजे त्याखालची काढता येणारी टाकी, नाल्यात किंवा खाडीत रिकामी करणं हा विषयच नको. ज्या घरी सेप्टिक टँक आहे तिथे आधी स्पष्ट बोला: केमिकल घातलंय की नाही, किती लिटर आहे. फॉर्मलीनसारखी केमिकलं टाकीतले जिवाणू मारतात आणि मग त्या घरची टाकी उपसायचा खर्च निघतो. ‘काकी, एवढंच आहे’ म्हणत मोघम बोलून वेळ निभावू नका.

गॅसचं सांगायचं तर १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत ठेवू नका. ५ किलोचा छोटा सिलिंडर रीतसर मिळतो, तो पट्ट्याने घट्ट बांधा, खाली झरोका असू द्या आणि गळती सांगणारा अलार्म लावा. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे अलार्म छताला नको, जमिनीलगत हवा.

नारळाच्या आगरात गाडी लावायचा मोह सगळ्यांना होतो. सावली असते, वारा असतो, फोटो सुरेख येतो. वरून नारळ पडतो तेव्हा काच किंवा सोलर पॅनल दोन्हींपैकी एक जातं, आणि ट्रॅव्हलरची पुढची काच तालुक्याला मिळत नाही. झाडाच्या घेराबाहेर लावा, सुकलेल्या झावळ्यांकडे मान वर करून बघा. माकडं टपावर नाचतात आणि जाळी फाडतात, म्हणून केळी दिसतील अशी ठेवू नका. उंदीर वायरिंग कुरतडतो, एका रात्रीत. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि बूट, आणि बूट घालण्यापूर्वी झटकून. कोकणात लाल विंचू आहे, फुरसंही आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू खाली आणले. ते औषध दवाखान्यात डॉक्टरने द्यायचं असतं, तेव्हा मांत्रिक आणि ‘सकाळी बघू’ दोन्ही टाळा. मुक्कामाच्या प्रत्येक गावासाठी जवळचं ग्रामीण रुग्णालय कागदावर लिहा. १०८ ला फोन लावायलाही रेंज लागते आणि खाडीकाठच्या वाड्यांत ती टेकडी चढल्यावर येते.

त्याच कारणाने रोकड. यूपीआय सगळीकडे चालतं, रेंज असेपर्यंत. ग्रामपंचायतीची पार्किंगची पावती, ट्रॅक्टर, पंक्चर, विहिरीचं पाणी, बोट, हे सगळं नोटांत निभावेल एवढी रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवा. फास्टॅग गाडीच्या योग्य वर्गाचा आहे ना, हेही बघा. कारचा टॅग मिनीबसला लावलेला असेल तर नाक्यावर अडकता.

तारखा ठरवताना पंचांग काढा. गणपतीच्या आधीचे दिवस मुंबई–गोवा महामार्गावर चाकरमान्यांचे, त्यात तुमची संथ गाडी नको. शिमग्यात पालखी निघाली की रस्ता तिचा. थांबा, पाया पडा, पुढे जायची घाई करू नका. पावसाळा टाळाच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. मेअखेर किंवा ऑक्टोबरात जाणार असाल तर हवामान खात्याचा इशारा सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा वाचा, आणि इशारा आला तर समुद्राकडे पाठ करून घाट चढा. बुडालेलं बुकिंग हा त्यातला सगळ्यात स्वस्त खर्च.

परत आल्यावर त्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, चेसिस, पाटे, ब्रेकचे पाइप, सगळं. खारी हवा आठवडाभर बसलेली असते आणि तिचं बिल पुढच्या वर्षी येतं. मग बॅटरीची टर्मिनलं पुसून ग्रीस लावा, पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, आणि खर्चाच्या वहीत जे आधी लिहिलं नव्हतं पण झालं, ते लाल पेनाने लिहून ठेवा.